पक्षाघातानंतर व्हीलचेअरवरून वेरूळ, हंपी आणि अथेन्स: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

वाशीहून एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, निवृत्त इतिहासशिक्षक. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून उजवी बाजू दुर्बळ आहे. आधार दिल्यास उभे राहतात, चार-पाच पावले टाकतात, त्यापुढे व्हीलचेअर लागते. वजन ७४ किलो. त्यांना वेरूळ पुन्हा एकदा पाहायचे आहे, हंपी आयुष्यभर राहून गेली आहे, आणि मुलांनी थोडे पैसे जमवले असल्यामुळे रोम किंवा अथेन्स यांपैकी एक शहर दाखवावे असा घरात विचार चालू आहे. यांपैकी कोणती स्थळे व्हीलचेअरसाठी सोयीची आहेत याची यादी त्यांना हवी आहे.

यादी करणे अवघड नाही, पण तिचा उपयोग होत नाही. मी स्वतः २००४ पासून व्हीलचेअरवर आहे, ठाण्यात पाचपाखाडीत राहते, आणि गेली काही वर्षे माझ्यासारख्यांच्या सहलींची आखणी करून देते. या काळात मी एक शब्द माझ्या वहीतून काढून टाकला, तो म्हणजे ‘सोयीचे’. एखादे स्थळ सोयीचे आहे असे सांगणारा माणूस बहुधा स्वतःच्या पायांनी तिथे जाऊन आलेला असतो, आणि चालत्या माणसाला पायरी आठवत नाही. एकदा एका सहल कंपनीने मला फोनवर खात्रीपूर्वक सांगितले होते की, मंदिराला ‘फक्त दोन पायऱ्या’ आहेत. पायऱ्या खरोखर दोनच होत्या, पण प्रत्येकी दीड फूट उंचीच्या. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. त्या हिशेबाने त्या दोन पायऱ्यांसाठी छत्तीस फुटांचा उतार लागला असता. मी तो दिवस बाहेरच्या चिंचेखाली बसून काढला.

म्हणून ‘व्हीलचेअर जाते का’ हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘हो, जाते की’ असेच येते. गाडी नेमकी कुठपर्यंत येते, तिथून पहिल्या पाहण्याजोग्या गोष्टीपर्यंत अंतर किती, जमीन फरसबंद आहे की मुरूम आहे की उघडा खडक, पायऱ्या किती आणि प्रत्येकीची उंची किती, सर्वांत अरुंद दरवाजा किती इंचांचा, आणि जवळचे वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह किती मिनिटांवर, एवढे विचारा. हॉटेलला तर न्हाणीघराच्या दारावर मोजपट्टी धरून फोटो पाठवायला सांगावे, त्यात संकोच करू नये. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरवाजाची मोकळी रुंदी किमान ९० सेंटीमीटर असायला हवी. प्रत्यक्षात हॉटेलांतल्या न्हाणीघरांची दारे पुष्कळदा साठ-पासष्ट सेंटीमीटरची असतात, आणि प्रौढ माणसाची नेहमीची घडीची खुर्ची बाहेरून साधारण तेवढीच रुंद असते. अर्ध्या इंचाने अडलेली खुर्ची रात्री अकरा वाजता काय प्रसंग आणते, हे ज्याने भोगले आहे तोच जाणतो.

वडिलांच्या बाबतीत न्हाणीघराचा आणखी एक मुद्दा आहे, जो हॉटेलवाल्यांच्याच काय, पण अनेक नातेवाइकांच्याही लक्षात येत नाही. उजवी बाजू दुर्बळ असलेल्या माणसाने खुर्चीतून कमोडवर सरकताना डावीकडे, म्हणजे सशक्त बाजूकडे सरकायचे असते. म्हणजे कमोड त्यांच्या डाव्या हाताला यायला हवा आणि बसल्यावर आधाराची दांडीही डावीकडे हवी. मात्र परतताना खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला राहते. त्यामुळे एक तर खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवण्याइतकी जागा हवी, नाही तर मदतनिसाने त्यांना उभे करून वळवून बसवायला हवे. ज्या खोलीत कमोड कोपऱ्यात भिंतीला खेटून आहे, ती खोली कितीही सुंदर असली तरी तुमच्या उपयोगाची नाही. वळवताना दुर्बळ हाताला धरून ओढू नका, कारण पक्षाघातानंतर तो खांदा सैल झालेला असतो आणि सहजी निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधावा आणि पट्ट्याला धरावे. घडीची कमोडखुर्ची सोबत नेली तर निम्मी चिंता तिथेच मिटते. ती गाडीत जागा खाते, ही तक्रार मला मान्य आहे, तरीही न्यावी.

आता खुर्चीबद्दल. तुमच्याकडे कोणती आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण घरात मागून ढकलण्याची, चारही चाके लहान असलेली खुर्ची असेल तर ती अवशेषांच्या ठिकाणी अजिबात नेऊ नका. दगडी जमिनीवर खुर्ची अडते ती पुढच्या चाकांमुळे. पुढचे चाक जितके लहान तितके ते फटीत लवकर रुतते, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. मागची चाके चोवीस इंचांची, पुढची निदान आठ इंचांची, आणि मागे हवेचे टायर असलेली साधी घडीची खुर्ची उत्तम. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण दगडागणिक बसणारा दणका थेट पाठीला पोहोचतो. पुढची चाके जमिनीपासून उचलून धरणारे एक मोठे तिसरे चाकही मिळते. ते पायठेवणीला अडकवता येते आणि खडबडीत जमिनीवर फार उपयोगी पडते, पण ते सर्वच घडीच्या खुर्च्यांना बसत नाही, म्हणून आपली खुर्ची दुकानात नेऊन बसवून पाहावे.

ढकलणाऱ्याने दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. खडबडीत भागात मागच्या दांडीवर पाय देऊन खुर्ची मागे रेलावी आणि फक्त मोठ्या चाकांवर चालवावी, किंवा सरळ उलटी फिरवून ओढत न्यावी. आणि तीव्र उतार उतरताना नेहमी खुर्ची उलटी धरावी, म्हणजे बसलेल्याचे तोंड चढाकडे राहते. उचलण्याची वेळ आलीच तर हिशेब सोपा आहे: वडील ७४ किलो, खुर्ची सुमारे १८ किलो, मिळून ९२, म्हणजे चार माणसांत प्रत्येकी तेवीस किलो. पण धरायचे ते मुख्य सांगाड्याला. हात ठेवायच्या पट्ट्या आणि पायठेवण्या काढता-घालता येणाऱ्या असतात, आणि उत्साही मदतनीस नेमक्या त्याच धरतात. पायरीच्या मध्यावर पट्टी हातात आणि खुर्ची खाली, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. उचलण्यापूर्वी सूचना एकानेच द्यायची, आणि त्याही आधी वडिलांना विचारायचे. काही माणसांना चार अनोळखी लोकांनी उचलून नेणे अजिबात आवडत नाही, मग वर कितीही अप्रतिम शिल्प असो. तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांची मते आहेत, पण त्यांचे या बाबतीतले मत कुठेच दिसले नाही.

वेरूळच्या आधी दोन सराव-सहली कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली अंबरनाथच्या शिवमंदिराची. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा काल मिळतो, आणि ते ठाण्याच्या म्हणजे स्थानकाच्या शिलाहारांच्या राजवटीतले असल्यामुळे इतिहासशिक्षकाला घराजवळ याहून चांगला धडा मिळणार नाही. गाभारा सभामंडपापासून सुमारे वीस पायऱ्या खाली आहे. तो सोडून द्यायचा. भूमिज शैलीतल्या या मंदिराचे खरे वैभव बाह्यभिंतींवर आहे आणि ते बाहेरूनच पाहायचे असते. वाटेत किती पायऱ्या आणि उंचवटे लागतात हे मी मुद्दामच सांगत नाही, कारण ते मोजून वहीत लिहिणे हाच सराव आहे. दुसरी सहल वसईच्या किल्ल्याची. बंदराकडे जाणारा डांबरी रस्ता किल्ल्यातूनच जातो, त्यामुळे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेल्या त्या किल्ल्यातली पोर्तुगीज चर्चची पडकी भव्यता रस्त्याच्या आधाराने दिसते, आणि रस्ता सोडून मातीत दहा फूट शिरले की आपली खुर्ची किती पाण्यात आहे तेही लगेच कळते. पावसाळ्यात मात्र जाऊ नका.

घारापुरी तुम्हाला नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून समोर दिसते, म्हणून तिचा मोह होईल. तूर्त तो आवरावा. बोटीत चढणे-उतरणे हलत्या पाण्यावर करावे लागते, आणि धक्क्यापासून छोट्या गाडीने पुढे गेल्यावरही लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या उरतात. वर नेण्यासाठी डोली मिळते, पण डोलीत तोल सावरायला दोन्ही हातांची पकड लागते, आणि वडिलांची एकच आहे.

वेरूळला जायला तुम्हाला दोन मार्ग आहेत. मुंबई ते जालना अशी सुरू झालेली आणि नंतर नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत ठाणे आणि कल्याणला थांबते, आणि तिच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरची जागा व रुंद स्वच्छतागृह असते. आरक्षण करताना तोच डबा मागून घ्यावा आणि फलाटावर तो कुठे येतो ते आधी विचारून तिथे जाऊन थांबावे, कारण गाडी फार वेळ थांबत नाही. दुसरा मार्ग समृद्धी महामार्गाचा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून ठाणे-नवी मुंबईकरांना कसारा घाटातून जावे लागत नाही. भाड्याची गाडी ठरवताना मात्र दोन गोष्टी पाहा. मागच्या सामानाच्या जागेत सीएनजीची टाकी असेल तर घडी केलेली खुर्ची तिथे मावत नाही, आणि ही गोष्ट नेमकी पहाटे पाच वाजता दाराशी गाडी आल्यावर लक्षात येते. शिवाय मोठी उंच गाडी ऐसपैस म्हणून घेऊ नका. आसन जितके खुर्चीच्या उंचीचे, साधारण एकोणीस-वीस इंचांवर, तितके सरकणे सोपे. उंच छपराची छोटी गाडी बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडते.

वेरूळ मंगळवारी बंद असते. चौतीस लेण्यांपैकी वडिलांनी एकच पाहावे, सोळावे, आणि त्याला पुरती सकाळ द्यावी. हे ऐकून तुमचे मन खट्टू होईल, म्हणून थोडे खुलासेवार सांगते. कैलास लेणे हे वरून खाली कोरत आणलेले एकसंध मंदिर आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, म्हणजे आठव्या शतकाचा उत्तरार्ध, याच्याशी त्याची निर्मिती जोडली जाते. प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागचा कडा शंभर फुटांहून अधिक खोल तासलेला आहे. चालते पर्यटक आत येतात, बाजूच्या अंधाऱ्या जिन्याने वरच्या मजल्यावरच्या गाभाऱ्याकडे धावतात, खाली येतात आणि पुढच्या लेण्याला निघतात. त्या गडबडीत त्यांच्याकडून जे सुटते, ते जवळपास सगळे प्रांगणाच्या पातळीवर आहे. प्रवेशताच समोर गजलक्ष्मी. दोन्ही अंगांना ध्वजस्तंभ आणि दगडी हत्ती. उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचा पट, दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचा, दोन्ही ओळीओळींनी कोरलेले; ते वाचायला स्थिर बसावे लागते, आणि आपण बसलेलेच असतो. मंदिराच्या जोत्याला पाठीवर तोलून धरणाऱ्या हत्तींची रांग उभ्या माणसाला खाली वाकून पाहावी लागते, खुर्चीवरच्या माणसाच्या ती साधारण डोळ्यांसमोर येते. आणि दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण. भेदरून शिवाला बिलगणारी पार्वती, पळू पाहणारी दासी, आणि अंगठ्याच्या दाबाने सारे शांत करणारा शिव. त्या शिल्पापुढे मी एकदा पाऊण तास होते. सोबतच्यांनी तोवर आणखी सहा लेणी पाहिली, आणि संध्याकाळी त्यांना त्यांतली दोन आठवत होती.

प्रवेशद्वारातून आत जाताना आणि प्रांगणातल्या असमान खडकावर दोन सशक्त माणसे लागतील. एक ढकलायला, एक पुढून सांगाडा उचलायला. वरचा मजला सोडून द्यायचा, हे घरून निघतानाच ठरवून टाकावे, म्हणजे तिथे जिन्यापाशी ‘बघू या का प्रयत्न करून’ अशी चर्चा होत नाही. अशा चर्चेत बसलेल्या माणसाची फार कुचंबणा होते. तो नको म्हणाला तर इतरांचा हिरमोड, हो म्हणाला तर जिवाला घोर. लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी प्रांगणात सावली असते, म्हणून उघडताच आत जावे आणि काळा पाषाण तापण्यापूर्वी बाहेर पडावे. शिल्पांवर ऊन दुपारनंतर येते, छायाचित्रकार तेव्हाच येतात, पण वडिलांच्या रक्तदाबाला सकाळच मानवेल. दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांना थोडे पुढे वाकवून किंवा उभे करून बैठकीवरचा दाब कमी करावा. दणके खाल्लेल्या दिवशी त्वचा लवकर लाल होते आणि एका सहलीतला व्रण भरायला तीन महिने घेतो. रात्री झोपण्यापूर्वी ढुंगण, माकडहाड आणि टाचा टॉर्चच्या उजेडात पाहाव्यात. हे लिहिताना अवघडल्यासारखे होते, पण न लिहिणे चुकीचे ठरेल.

मग इतर लेणी? जैन गटापर्यंत वाहनाने जाता येते, आणि दर्शनी भाग बाहेरून पाहता येतो. बहुतेक ठिकाणी आत जायला पायऱ्या आहेत. अजिंठ्याचा विचार या सहलीत नको.

हंपी वेरूळपेक्षा मोठी आणि विखुरलेली आहे, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच काही अंशी सोपी. दोन स्थळांच्या मध्ये गाडी आहे, आणि प्रत्येक ठिकाणी उतरायचे की नुसते गाडीतून पाहायचे हे त्या-त्या वेळी ठरवता येते. होसपेटे स्थानकापासून हंपी सुमारे तेरा किलोमीटर. मुक्काम होसपेट्याला केला तर न्हाणीघर निवडायला वाव मिळतो. विठ्ठल मंदिराकडे वाहनतळापासून बॅटरीच्या गाड्या जातात. तिच्या आसनावर वडिलांना बसवून खुर्ची घडी करून मागे ठेवावी लागेल, म्हणून गर्दी नसलेली वेळ धरावी. दगडी रथ प्रांगणातच आहे, त्यामुळे आवारात शिरण्याइतकी मदत मिळाली की मुख्य काम झाले. जनाना आवार, कमळमहाल आणि हत्तीशाळा हा भाग बराचसा सपाट आणि हिरवळीचा आहे. माझ्या मते वडिलांच्या वाट्याची खरी हंपी तिथेच आहे. विरूपाक्ष मंदिराचे उंबरठे उंच आहेत. महानवमी डिब्बा हा उंच दगडी चौथरा खालून पाहायचा, आणि त्याच्या जोत्यावरच्या हत्ती-घोड्यांच्या रांगा खालूनच चांगल्या दिसतात. नोव्हेंबर ते जानेवारी याशिवाय अन्य महिन्यांचा विचार करू नका; उघड्या ग्रॅनाइटच्या त्या मुलखात उन्हाळ्यात खुर्चीचा धातू हाताला चटका देतो.

दोन्ही ठिकाणी तुम्हाला कुणी ना कुणी म्हणेल की, संरक्षित स्मारक आहे, इथे उतार करता येत नाही. हे पूर्ण खरे नाही. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा मूळ दगडाला हात लावू देत नाही आणि तो लावूही नये, पण दगडाला न खिळता ठेवलेला लाकडी उतार त्याने अडत नाही. २००१ च्या जानेवारीत व्हीलचेअरवरून वावरणारे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या परिषदेसाठी भारतात आले होते आणि नंतर दिल्लीला गेले, तेव्हा दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद आबिदी यांच्या पाठपुराव्यामुळे तिथल्या चार स्मारकांवर लाकडी उतार बसवले गेले. जे एका पाहुण्यासाठी काही दिवसांत होऊ शकले, ते इतरांसाठी होत नाही याचे कारण दगडात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते न ठेवता बंधनकारक करावेत असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सांगितले आहे. म्हणून जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी स्मारकाच्या स्थानिक कार्यालयाला पत्र लिहा, तारीख आणि वेळ द्या, आणि फळी किंवा उतार उपलब्ध आहे का ते विचारा. निम्म्या वेळा उत्तर येत नाही, पण पत्राची प्रत हातात असली की दारावरचा माणूस वेगळ्या स्वरात बोलतो.

आता अथेन्स की रोम. माझे मत अथेन्स, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. रोमच्या जुन्या भागात रस्त्यांवर लहान चौकोनी काळ्या दगडांची फरसबंदी आहे. तिच्यावरून दिवसाला तीन-चार किलोमीटर खुर्ची नेणे म्हणजे बसलेल्याला दिवसभर चाळणीत घालून हलवणे. कलोसियममध्ये लिफ्ट आहे, पँथिऑन या प्राचीन मंदिराला उतार आहे, पण या दोहोंच्या मधले रोम पाठीला फार महाग पडते. अथेन्समध्ये पाहायचे ते एका टेकडीवर आणि तिच्या पायथ्याशी एकवटलेले आहे. या टेकडीवर, म्हणजे अक्रोपोलिसवर, २००४ च्या ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकच्या निमित्ताने जी लिफ्ट बसवली होती ती वारंवार बंद पडे. तिच्या जागी टेकडीच्या वायव्य अंगाने कड्यालगत तिरपी चढणारी नवी लिफ्ट ३ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, सुरू झाली. त्याच सुमारास वरच्या खडकावर काँक्रीटच्या वाटा घातल्या गेल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. प्राचीन खडकावर सिमेंट ओतले, असा पुराविदांपैकी अनेकांचा आक्षेप होता. खाली पडदा अंथरलेला असल्याने वाट पुढे काढून टाकता येईल, असे सरकारचे म्हणणे. वाटा जरुरीपेक्षा रुंद केल्या, या टीकेत तथ्य आहे असे मला वाटते. पण त्या वाटा नसत्या तर पार्थेनॉन, म्हणजे टेकडीवरचे अथीना देवीचे मंदिर, मला चित्रातच पाहावे लागले असते, त्यामुळे माझे मत निःपक्ष समजू नये.

लिफ्ट जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेत दुपारी अख्खे स्थळच बंद केले गेले आहे. म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरावा, अथेन्समध्ये निदान चार दिवस ठेवावेत, आणि अक्रोपोलिस पहिल्याच दिवसासाठी लावावे, म्हणजे लिफ्ट बंद निघाली तर तीन दिवस हाताशी राहतात. जाण्याच्या आदल्या दिवशी लिफ्ट चालू आहे का, हे हॉटेलमधून फोन करून विचारून घ्यावे. पायथ्याचे अक्रोपोलिस संग्रहालय २००९ मध्ये उघडले, ते मुळातच उतार आणि लिफ्ट धरून बांधलेले आहे, आणि तिथल्या वरच्या दालनातून पार्थेनॉन समोर दिसते; पाऊस असेल त्या दिवशी तिथेच जावे. प्राचीन आगोरा, म्हणजे जुना बाजारचौक, उताराचा आणि मुरमाड आहे. त्याचा वेध वरून घेता आला तर तेवढ्यावर समाधान मानावे.

इटलीचाच हट्ट असेल तर रोमऐवजी पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराला एक दिवस द्यावा. तिथे २०१६ च्या डिसेंबरात तीन किलोमीटरहून लांब असा ‘सर्वांसाठी पाँपेई’ नावाचा मार्ग तयार झाला, जो खोल चाकोऱ्या आणि रस्ता ओलांडायचे उंच दगड टाळून शहराच्या आरपार नेतो. व्हेनिसला मात्र जाऊ नका असे सांगेन. तिथे २००८ मध्ये कालात्रावा या नामांकित वास्तुकाराचा नवा पूल झाला तो पायऱ्यांचा; मग खुर्चीवाल्यांसाठी कडेने सरकणारी एक गोल कुपी लावली, ती नीट चालली नाही, आणि २०२० मध्ये काढून टाकली. एकविसाव्या शतकात नवा पूल बांधताना ही गत, तर जुन्या पुलांना काय बोलावे. उलट जुनी तटबंदीची शहरेही नीट करता येतात: युरोपीय आयोगाचा सुगम्य शहराचा पुरस्कार पहिल्यांदा, २०११ साठी, स्पेनमधल्या आविला या मध्ययुगीन कोटाच्या गावाला मिळाला, आणि २०१७ चा इंग्लंडमधल्या चेस्टरला, जिथे रोमन काळापासूनचा कोट शहराभोवती अजून उभा आहे. पुढेमागे दुसरी परदेशवारी घडली तर ही दोन नावे ध्यानात ठेवा.

विमानाचे थोडक्यात. तिकिटानंतर लगेच आणि पुन्हा निदान ४८ तास आधी कंपनीला व्हीलचेअरची गरज कळवावी, आणि तीन संकेतांपैकी योग्य तो नोंदवून घ्यावा: डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकणारा, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या न चढणारा पण विमानात चालू शकणारा, आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत नेऊन बसवावे लागणारा. वडील चार-पाच पावले टाकतात म्हणून मधला संकेत सुचवला जाईल. तुम्ही तिसराच घ्यावा. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्यावी, आणि ती खाली देताना गादी, पायठेवण्या व सुटे भाग काढून आपल्याबरोबर आत घ्यावेत, कारण सुटे भाग हरवले की खुर्ची असून नसल्यासारखी. आसन मार्गिकेच्या उजव्या बाजूचे मागावे, म्हणजे मार्गिका त्यांच्या सशक्त डाव्या हाताला येते. एवढ्या लांबच्या प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा अधिक आहे, त्यामुळे त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. बॅटरीची खुर्ची या प्रवासासाठी विकत घेऊ नका. लिथियम बॅटरी काढून सोबत न्यायची तर एकीला ३०० वॉट-तासांची मर्यादा आहे, आणि मुख्य म्हणजे वेरूळच्या खडकावर ती जड खुर्ची चार माणसांना उचलवणार नाही.

क्रम असा ठेवावा: हिवाळा लागताच अंबरनाथ, त्यानंतर वसई, डिसेंबरात वेरूळ, पुढच्या हिवाळ्यात हंपी, आणि तोवर वडिलांचे पाय आजच्याइतके साथ देत असतील तर त्यानंतरच्या ऑक्टोबरात अथेन्स. अंबरनाथहून आल्यावर मला चार गोष्टी कळवा: पुढची चाके किती वेळा अडकली, खुर्ची किती वेळा उचलावी लागली, वडील सलग किती वेळ बसू शकले, आणि उचलताना त्यांचा चेहरा कसा होता. वेरूळसाठी किती माणसे सोबत लागतील ते मग सांगते.